बाहेरून कडी लावताना

गेल्या महिन्यातली भिशी आमच्याकडे होती. पोह्यांच्या बश्या फिरत होत्या आणि विषय निघाला अमेरिकेचा. आमच्यातल्या एक काकू लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने मेरीलँडला राहून नुकत्याच परतल्यात. तिथली थंडी, डायपरच्या किमती, जावयानं स्वतः धुतलेली भांडी असं सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, “आणि बरं का, तिकडे आठ वर्षांच्या आतलं पोर घरात एकटं ठेवायची सोय नाही. पाच मिनिटांत दूध घेऊन यायचं तरी थोरल्या नातीला उठवून, स्वेटर घालून गाडीत बसवायचं. कुणी बघितलं तर सरळ पोलिसांना फोन!”

एकदम हशा पिकला. “अगं बाई, मग आपण सगळ्याच आत!” कुणीतरी म्हणालं. एकीनं तर हिशेबच मांडला, तिच्या सासूबाई शेतावर जाताना पाच पोरं आणि एक म्हैस आठ वर्षांच्या थोरलीच्या ताब्यात देऊन जायच्या, म्हणजे जन्मठेपच की!

हसली नाही ती फक्त आमची एसटीतली मैत्रीण. ती कंडक्टर आहे. नवरा चाकणला कंपनीत, घरी येतो रविवारी. मुलगा चौथीत, मुलगी पाच वर्षांची. पहिल्या गाडीची ड्युटी लागली की ही पहाटे पाचला बाहेर पडते. पोरं झोपलेली असतात. शेजारच्या आजी साडेसहाला उठून त्यांच्याकडे बघतात. मधला दीड तास दाराला बाहेरून कडी. तिनं बशी खाली ठेवली आणि विचारलं, “आणि आपल्याकडे? आपल्याकडे काय आहे कायदा?”

एक म्हणाली, दहा वर्षांचा नियम आहे. दुसरी म्हणाली, छे, असला कायदाच नाही आपल्याकडे. दोघीही ठाम आणि दोघीही चुकलेल्या! मग मीच जरा शोधाशोध केली, एका वकील मैत्रिणीचं डोकं खाल्लं. जे हाती आलं ते आज तुमच्यापुढे ठेवतेय, कारण ही बाहेरची कडी तुमच्या-आमच्या कितीतरी घरांना लागते.

आधी काकूंचं. त्या सांगतात ते खरं आहे. मेरीलँड राज्याच्या कायद्यात आठ वर्षांखालच्या मुलाला घरात, इमारतीत किंवा गाडीत बंद करून, नजरेआड सोडून जायला मनाई आहे. जायचंच असेल तर सोबत विश्वासाची व्यक्ती हवी आणि ती किमान १३ वर्षांची हवी. नाहीतर ५०० डॉलरपर्यंत दंड किंवा ३० दिवसांपर्यंत कैद. म्हणजे तेरा वर्षांची ताई असेल तर चालतं, हे काकूंना कुणी सांगितलं नसावं. पण तोच नियम अख्ख्या अमेरिकेचा नाही. तिकडे राज्य बदललं की कायदा बदलतो. ओरेगनमध्ये दहा वर्षांचा आकडा आहे, तर बऱ्याच राज्यांच्या कायद्यात वयच लिहिलेलं नाही. न्यूझीलंडमध्ये १४ वर्षांखालच्या मुलाची नीट व्यवस्था न लावता बाहेर गेलात तर दंड होतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १२ वर्षांखालचं मूल गैरवाजवी वेळ एकटं सोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि ज्यांच्याकडून आपण निम्मे कायदे उचलले त्या इंग्लंडमध्ये? तिथे आजही वयाचा आकडा नाही! मुलाच्या जिवाला धोका होईल असं वागलात तर गुन्हा, एवढंच. लहान बाळांना कधीच एकटं ठेवू नका आणि सोळाच्या आतल्या मुलांना रात्रभर एकटं ठेवू नका, असा सल्ला मात्र तिथे दिला जातो. तो सल्ला आहे, कायदा नव्हे.

आपल्याला वाटतं, आकडा ठरला की बरं. या वयाच्या वर चालेल, खाली चालणार नाही, भांडणच मिटलं. पण असा आकडा, किंवा आकड्यासारखा कडक डोळा, प्रत्यक्षात कुणावर पडतो ते बघा.

२०१४ च्या उन्हाळ्यात साऊथ कॅरोलिना राज्यात बर्गरच्या दुकानात काम करणारी एक आई होती. शाळेला सुट्टी. नऊ वर्षांची मुलगी आधी दुकानातच एका टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसायची. लॅपटॉप चोरीला गेला, मग मुलगी म्हणाली मी बागेत खेळते. बाग माणसांनी गजबजलेली. आईनं तिच्या हातात मोबाइल दिला आणि ड्युटीवर गेली. बागेत एका बाईनं विचारलं, “तुझी आई कुठंय?” मुलीनं खरं ते सांगितलं. आईला अटक झाली, मुलगी सरकारी ताब्यात गेली. त्याच वर्षाच्या शेवटी, काकूंच्याच मेरीलँडमध्ये, दहा आणि सहा वर्षांची दोन भावंडं बागेतून चालत घरी येत होती, तर पोलिसांनी त्यांना गाडीत घालून घरी आणलं आणि आई-वडिलांची चौकशी सुरू झाली. वास्तविक तिथला कायदा घरात किंवा गाडीत कोंडण्याबद्दल आहे, रस्त्यानं चालण्याबद्दल नाही! पुढे २०१५ मध्ये ते आई-बाप निर्दोष ठरले. अशा प्रकरणांवर इतकी ओरड झाली की २०१८ मध्ये युटा राज्यानं उलट कायदा केला, की समजत्या वयाचं मूल चालत शाळेत गेलं, बागेत खेळलं, थोडा वेळ घरी एकटं राहिलं, तर तेवढ्यावरून त्याला दुर्लक्ष म्हणायचं नाही. नंतर टेक्सास, ओक्लाहोमा, कोलोरॅडो यांनीही तसे कायदे केले.

जपानची गोष्ट तर याहून बोलकी. तिथली पहिलीतली पोरं पाठीला दप्तर लावून आपली आपण चालत शाळेत जातात, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. टोकियोला लागून असलेल्या सैतामा प्रांताच्या विधानसभेत ऑक्टोबर २०२३ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या आमदारांनी एक दुरुस्ती आणली. तिसरीपर्यंतच्या मुलांना एकटं सोडायचं नाही, सोडलं तर तो बालछळ. गाडीत अडकून मुलं दगावल्याच्या घटना घडल्या होत्या, त्यामुळे हेतू वाईट नव्हता. पण मग आमदारांना प्रश्न विचारले गेले. मुलं-मुलंच शाळेतून घरी आली तर? छळ. मुलं-मुलंच बागेत खेळली तर? छळ. आई शेजारी कागद द्यायला गेली आणि मूल घरात राहिलं तर? तोही छळ! आणि वर असं काही दिसलं तर शेजाऱ्यांनी कळवायचं. नोकरी करणाऱ्या आया अक्षरशः पेटून उठल्या. शाळेनंतर मुलांना सांभाळणाऱ्या केंद्रांत जागा नाहीत, प्रतीक्षायाद्या लागल्यात, मग आम्ही मुलं ठेवायची कुठे, हा त्यांचा सवाल. आठवड्याभरात ती दुरुस्ती मागे घ्यावी लागली.

त्या जपानी बाईचा सवाल आणि आमच्या कंडक्टर मैत्रिणीचा सवाल, सांगा बरं, वेगळा आहे का?

आता आपल्याकडे येऊ. भारतात ‘अमुक वयाखालचं मूल घरात एकटं ठेवू नये’ असं सांगणारा आकडा कुठल्याही केंद्रीय कायद्यात नाही. पण म्हणून रान मोकळं आहे, असंही नाही. दोन कलमं आपल्या कामाची आहेत.

एक आहे भारतीय न्याय संहितेचं कलम ९३. १ जुलै २०२४ पासून ही संहिता लागू झाली, त्याआधी हेच कलम जुन्या भारतीय दंड संहितेत ३१७ या नंबरनं होतं. आई, वडील किंवा सांभाळ करणारी व्यक्ती बारा वर्षांखालच्या मुलाला कुठेतरी सोडून गेली, तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. वाचून पोटात गोळा येतो ना? पण त्यातले चार शब्द महत्त्वाचे आहेत, मुलाला कायमचं टाकून देण्याच्या हेतूनं. उकिरड्यावर, देवळाच्या पायरीवर, रेल्वेच्या डब्यात बाळ टाकून जाणाऱ्यांसाठी हे कलम आहे. कामावर जाऊन संध्याकाळी पिशवीत भाजी घेऊन परत येणाऱ्या आईसाठी नाही.

दुसरं कलम मात्र घरापर्यंत येतं. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७५. मूल म्हणजे इथे अठरा वर्षांखालचं. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानं त्याला मारहाण केली, टाकून दिलं, उघड्यावर सोडलं किंवा ‘जाणूनबुजून दुर्लक्ष’ केलं आणि त्यामुळे मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास होण्याची शक्यता निर्माण झाली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. आधीच्या २००० सालच्या कायद्यात ही शिक्षा सहा महिन्यांपर्यंतच होती. मूल सांभाळण्याची जबाबदारी घेतलेल्या संस्थेतल्या माणसानं असं केलं तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत आणि दंड पाच लाखांपर्यंत जातो. वकील मैत्रिणीनं गंमत दाखवली, या कलमाची शब्दरचना इंग्लंडच्या १९३३ च्या मुलांच्या कायद्याशी जवळजवळ जुळते. नव्वद वर्षांपूर्वीचे साहेबाचे शब्द आपल्या ओट्यापर्यंत येऊन पोचलेत!

तर सगळी मेख ‘जाणूनबुजून’ या शब्दात आहे. कायदा वय विचारत नाही, तो परिस्थिती विचारतो. किती वेळ सोडलं? दिवसा की रात्री? मूल केवढं, ते समजूतदार आहे का, आजारी होतं का? कुणाला सांगून गेलात? खायला ठेवलं होतं का, हाकेला कुणी होतं का? आई पोटासाठी कामावर गेली होती की पोराला कोंडून तीन दिवस लग्नाला? दोन्हीकडे कडी बाहेरूनच लागते, पण दोन्ही गोष्टी एक नाहीत, आणि आपला कायदा त्या एक मानत नाही. कलम ७५ मध्ये एक पुस्तीही जोडलेली आहे. जन्मदात्या आई-बापांच्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल टाकण्याची वेळ आली असेल, तर ते जाणूनबुजून केलं नाही असंच धरायचं, आणि शिक्षा लावायची नाही.

कुणी तक्रार केलीच तर काय होतं? भिशीत बहुतेकींना वाटत होतं, पोलीस येणार आणि पोरांना रिमांड होममध्ये नेणार. तसं नाही. देखभालीची गरज असलेलं मूल सापडलं तर त्याला २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक बाई असावीच लागते. समिती घराची चौकशी करायला लावते. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आधी घर, असं कायदाच सांगतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर १९९६ मध्ये मुंबईतून सुरू झाला, आज तो सरकारतर्फे चालतो. तो चहाडीचा नंबर नाही. शेजारचं पोर रोज रात्री एकटं रडत असेल, उपाशी असेल, तर त्यावर फोन करता येतो. अडचणीत सापडलेलं मूल स्वतःही करू शकतं, म्हणून तो पोरांना पाठ करून द्या, पाढ्यांसारखा.

आणखी एक सांगायचं राहिलं. कलम ७५ मध्ये ‘आई’ असं कुठेच लिहिलेलं नाही. ‘ज्याच्या ताब्यात मूल आहे तो’ असं लिहिलंय. म्हणजे बाप, आजी, काका, सांभाळणारी बाई, सगळे आले. पण काही विपरीत घडलं की गाव विचारतं काय, “आई कुठे उलथली होती?” बाप कुठे होता हे विचारायला कुणाची जीभ रेटत नाही!

परिस्थितीचा विषय निघाला की मला बीडकडची घरं आठवतात. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघतात ते उन्हाळ्यातच परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरं बरोबर न्यावीत तर फडात, कोपीत, ट्रॅक्टरच्या चाकांजवळ. शाळा बुडते. मागे ठेवावीत तर थकलेल्या आजीजवळ, पाच-सहा महिने. घरात मूल एकटं ठेवण्याबद्दल आपण तासांचा हिशेब करतोय, इथे महिन्यांचा आहे. याला दुर्लक्ष म्हणायचं का? मुकादमाची उचल डोक्यावर असलेल्या बाईला हा प्रश्न विचारायची माझी तरी हिंमत नाही. कारखान्यांच्या तळावर साखरशाळा काढल्या गेल्या, गावात राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली. ती जिथे वेळेवर उघडली, तिथे पोरं गावात राहिली, शाळेत बसली. जिथे उशिरा उघडली, तिथे पोरं तोवर फडावर पोचलेली होती.

आणि थोरल्या मुलीचं काय? एकटं मूल नको म्हणून आपण ताईला घरी ठेवतो. ‘आज नको जाऊस शाळेत, बाळाला बघ.’ एक दिवस, मग आठवड्यातले दोन दिवस, मग पेरणीचा अख्खा महिना. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य ठरवलंय. म्हणजे धाकट्यासाठी एक कायदा पाळायला जावं तर थोरलीसाठी दुसरा मोडतो. मेरीलँडच्या कायद्यात तेरा वर्षांची ताई चालते. आपल्याकडे ती दिवसभराची बदली आई होते, आणि सहावी-सातवीत तिचं नाव पटावरून कधी गळतं ते कुणाला कळतही नाही. घरात एकट्या राहिलेल्या पोराची आपल्याला काळजी वाटते. या ताईची वाटते का?

मूल सांभाळायची सोय करून देण्याची जबाबदारी कुणाची, यावरही आपल्याकडे कायदे आहेत हं. कारखान्यांसाठी होते, बांधकामासाठी १९९६ मध्ये झाला, २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. दिवसातून चार वेळा आईला बाळाजवळ जाता आलं पाहिजे, असंही त्यात लिहिलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कामगार कायदे नव्या श्रमसंहितांमध्ये सामावले गेले, तिथेही पन्नासचा आकडा कायम आहे. आता मला सांगा, तुमच्या तालुक्याच्या गावी पन्नास माणसं कामाला असलेली किती ठिकाणं आहेत? साडीच्या दुकानात सहा पोरी, नर्सिंग होममध्ये नऊ, पापडाच्या युनिटमध्ये बारा, पतपेढीत चार. मोठ्या शहरातल्या काचेच्या इमारतींसाठी तो आकडा ठीक आहे, आपल्या बाजारपेठेत तो पोचतच नाही. आणि धुण्याभांड्याच्या बाईचा तर मालकच एक नाही, पाच घरांत पाच.

उरते अंगणवाडी. १९७५ पासून ती देशभर पसरली, आणि तिनं केलेलं काम कुणी नाकारू नये. पण ती खाऊ आणि शिकवण्यासाठी आहे, काही तासांची. दुपारी पोरं घरी, आई संध्याकाळपर्यंत कामावर. २०२२ पासून केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची कल्पना आली आहे. कल्पना नवी आहे का? मुळीच नाही! ‘अंगणवाडी’ हा शब्दच ज्यांनी दिला त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पोरं शाळेत का येत नाहीत, तर कडेवर धाकटं भावंड असतं आणि मागे गुरं असतात. यावर त्यांनी पोरांना रागावण्यात वेळ घालवला नाही. गुरं चारणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली, आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच जागी आणून तिला विकासवाडी म्हटलं. कडेवरचं भावंड पाळण्यात ठेवायचं आणि ताईनं पलीकडच्या वर्गात जाऊन बसायचं. आपल्याच राज्यातल्या दोन बायकांनी हे उत्तर इतक्या वर्षांपूर्वी काढून ठेवलंय, आणि आपण अजून दाराला कडी लावतोय.

ती कडी मात्र आजपासून बाहेरून लावू नका, हे मी हात जोडून सांगते. कायद्यासाठी नाही, जिवासाठी. आत काही पेटलं, शॉर्टसर्किट झालं, तर पोराला बाहेर पडता येत नाही आणि शेजाऱ्याला कुलूप फोडत बसावं लागतं. पाच वर्षांखालच्या मुलाला अर्धा तासही एकटं ठेवू नका, त्याला तुम्ही शिकवलेलं काहीही घाबरल्यावर आठवत नाही. तान्ह्या-रांगत्या पोराला तर बादलीत वीतभर पाणी असलं तरी पुरतं, ते डोक्यावर पडलं की उलटं होऊन उठू शकत नाही. मोठ्या मुलाला ठेवायचंच असेल तर आधी तुम्ही घरात असताना तालीम घ्या. कुणी बेल वाजवली तर काय बोलायचं, फोन कुणाला करायचा, आणि वास आला तर लाइटचं बटण न दाबता बाहेर कसं यायचं. गॅसचा रेग्युलेटर बंद करूनच पाऊल बाहेर टाका. फिनेल, रॉकेल, पोतं भरून आणलेलं औषध, हे पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायची आपली खोड आधी मोडा. आणि किल्ली ज्या शेजाऱ्याकडे देता, त्याच्याबद्दल डोळे उघडे ठेवा. मुलांशी वाईट वागणारा बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो, म्हणून पोरगं ‘मला त्यांच्याकडे नाही जायचं’ म्हणालं तर गप्प बसवू नका, विचारा.

आमच्या कंडक्टर मैत्रिणीचं काय झालं? कायद्याचं ऐकून तिचा जीव जरा भांड्यात पडला, पण पाच वर्षांच्या पोरीचं वाचून नाही. तिनं डेपोत पहाटेच्या ड्युटीची अदलाबदल मागितली. पंधरा दिवसांतून आठ दिवसांची मिळाली. उरलेल्या दिवसांसाठी शेजारच्या आजीच आदल्या रात्री तिच्याकडे झोपायला येतात, बदल्यात ही त्यांना दवाखान्यात नेते-आणते. कडी आता आतून लागते. आजी सत्तरीच्या पुढच्या आहेत, हे किती दिवस चालणार ते तिलाही ठाऊक आहे.

म्हणून एक माहिती लक्षात ठेवा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. बऱ्याच गावांत तो सतरंज्या नाहीतर कपाटांवर संपतो. येत्या महिला ग्रामसभेत हात वर करून विचारा, गेल्या वर्षी या पैशांतून काय घेतलं? अंगणवाडी दुपारनंतर उघडी ठेवून एका बाईला मानधन द्यायला किती लागेल? तालुक्याला बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं कार्यालय असतं, तिथे ‘पाळणा’ आपल्या तालुक्यात मंजूर आहे का, तेही विचारा. एकटीनं गेलात तर साहेब मीटिंगला गेलेत असं उत्तर मिळेल. पाच-सहा जणी मिळून जा, पोरं कडेवर घेऊनच जा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायला विसरू नका.